पाणलोटावरून सायकल

भोपाळच्या बड्या तलावाचं पाणी 1666.80 फुटांवर पोचलं की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. पावसाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत रोजची पातळी छापून येते, त्यामुळे हा आकडा शाळकरी मुलांनाही पाठ असतो. समुद्रसपाटीपासूनची ही उंची आहे, म्हणजे साधारण 508 मीटर. सायकलीच्या माझ्या सगळ्या वाटा मी इथूनच मोजते. काठावरून निघताना आपण किती उंचीवर आहोत हे ठाऊक असलं की पुढचा चढ आणि उतार नुसते भोगावे लागत नाहीत, ते समजायला लागतात.

बरोबर येणारी मुलं आदल्या संध्याकाळी विचारतात, "मावशी, उद्या किती किलोमीटर?" मी म्हणते, "ते नंतर. वाटेत पाणी किती वेळा ओलांडायचंय ते आधी नकाशात बघून सांग." कारण प्रत्येक नाला म्हणजे एक उतार आणि लगेच एक चढ. अंतर तेवढंच असलं तरी नदीच्या कडेकडेने जाणारा रस्ता आणि नद्या कापत जाणारा रस्ता यांत पायांना फार फरक पडतो. कोकणच्या सागरी मार्गाने सायकल चालवलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. किनारा म्हणजे सपाटी, अशी घरी बसून समजूत असते. प्रत्यक्षात बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री आडवी येते. जेटीपर्यंत उतरायचं, फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे पाय गरम होण्याआधीच पुन्हा सडा चढायचा. तिथे समुद्राने जे शिकवलं, ते इथे भोपाळमध्ये एका तलावाने आणि विंध्याच्या टेकड्यांनी जास्त खोलवर शिकवलं असं मला वाटतं. इथलं पाणी निसर्गाने जिथे सोडलं तिथे राहिलेलं नाही. माणसाने त्याची वाट बदलली आहे.

बड्या तलावाला पाणी देणारी कोलांस नदी मुळात हलाली नदीकडे वाहायची. अकराव्या शतकात राजा भोजाच्या माणसांनी टेकड्यांमधली मोकळी फट मातीच्या बांधाने बुजवली. आज कमला पार्कचा रस्ता जातो तो त्याच बांधावरून. अडलेल्या पाण्याला दक्षिणेकडून दुसरी वाट काढून दिली. त्यामुळे तलावाचं जादा पाणी आता भदभद्याहून कलियासोतमध्ये पडतं, कलियासोत बेतव्याला मिळते आणि बेतवा हमीरपूरजवळ यमुनेला. भदभद्याचं आजचं धरण 1965 चं, पण पाण्याची ही दिशा नऊशे-हजार वर्षांपूर्वीची. कमला पार्कहून निघून श्यामला हिल्सच्या पायथ्याने वनविहार या राष्ट्रीय उद्यानातून भदभद्याला या. सायकलवर हे सहज कळतं: कुठे जमीन आपोआप पाणी धरते, कुठे तिला भाग पाडलं आहे. मोटारीत हा रस्ता जवळजवळ सपाट वाटतो.

वनविहाराचा तो तुकडा मला या शहरातला सर्वांत प्रिय. रामू गेटपासून चीकू गेटपर्यंत एका हाताला तलाव आणि दुसऱ्या हाताला टेकडीचं रान. नवशिक्यांना मी इथेच आणते. वाहनांची धास्ती नसली की पायाकडे लक्ष देता येतं. पहिली गोष्ट सीटची उंची. पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवली तर गुडघा सरळ झाला पाहिजे; मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. बहुतेकांची सीट खाली असते आणि गुडघेदुखीचा दोष ते वयाला देतात. दुसरी गोष्ट, पाय हलके आणि भराभर फिरू द्यायचे, मिनिटाला 80 च्या आसपास फेऱ्या. तरुण मुलगे जड गिअर टाकून जोर लावतात. तो जोर ताशी वेगात थोडा वेळ दिसतो आणि दुपारी मांडीत उतरतो. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलायचा. चढावर चेनवर पूर्ण ताण आल्यावर बदलला तर कर्र आवाज होतो, चेन उतरते, कधी तुटते.

फ्रान्समधल्या सेंट एतियनचा पॉल द व्हिव्ही हा या कलेतला माझा आवडता माणूस. तो 1853 मध्ये जन्मला, 1930 मध्ये गेला, 'व्हेलोसियो' या टोपणनावाने लिहीत असे. आपल्या गावाभोवतीच्या डोंगरांत सहलीची सायकल चालवता यावी म्हणून तो आयुष्यभर बदलत्या गिअरचा पुरस्कार करत राहिला. शर्यतवाले गिअरला कमीपणा मानत. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती 1937 मध्ये, तो गेल्यावर सात वर्षांनी. भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं, हा त्याचा नियम मी तंतोतंत पाळते. भोपाळमध्ये त्यासाठी पहाटेचे पोहे-जिलेबी आहेतच.

तलावाला पूर्ण वळसा घालायचा तर व्हीआयपी रोडने लालघाटी, बैरागढ आणि मग पश्चिमेकडून कोलांस ओलांडून रातीबड, नीलबडमार्गे परत. तलाव शहराच्या पश्चिमेला असल्यामुळे उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा एवढं पाणी ओलांडून व्हीआयपी रोडवर आडवा येतो. पाठीला अडकवलेल्या पिशव्यांवर तो आदळला की हँडल हलतं. म्हणून हा भाग सकाळीच उरकावा आणि पश्चिमेच्या शेतांमध्ये वारा समोरून घ्यावा. तिकडे थंडीत सारस दिसतात. हा तलाव ज्याचा भाग आहे त्या भोज पाणथळीला 2002 मध्ये रामसर यादीत स्थान मिळालं. बड्या तलावाचं पाणलोट क्षेत्र 361 चौरस किलोमीटर आहे. या रस्त्यांवरून वारंवार जाणाऱ्याला ते क्षेत्र रस्त्याखालच्या एकेका मोरीने ओळखता येतं. कुठल्या मोरीखालचा ओढा भिंत बांधून वळवला, कुठे भराव घातला, हे दिसतं आणि जीव तुटतो. तलाव काठावर वाचत नाही, तो या मोऱ्यांपाशी वाचतो किंवा बुडतो. काठ सुशोभित करायला जेवढा पैसा लागतो त्याचा थोडा भाग तरी या ओढ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवायला लागावा, असं मी भेटेल त्याला सांगत असते.

भोजपूरचा रस्ता ग्यारह मील नावाच्या ठिकाणाहून डावीकडे फुटतो. हा माझ्या मते भोपाळभोवतीचा सर्वांत अर्थपूर्ण सायकल-रस्ता, आणि त्याचं कारण तिथलं शिवमंदिर एकटं नाही. इथेही भोजाने टेकड्यांमधल्या फटी बांधांनी बुजवून बेतव्याचं पाणी अडवलं होतं. विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात या नाहीशा झालेल्या सरोवराचा विस्तार सुमारे 250 चौरस मैल असल्याचा अंदाज केला. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहाने बांध फोडला. फोडायला तीन महिने लागले, रिकामं व्हायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं, अशी आख्यायिका आहे. आता तिथे गहू डोलतो. थंडीत त्या शेतांमधून सायकल नेताना मी मुलांना सांगते की आपण तळ्याच्या बुडाशी आहोत, आता काठ शोधा. ती मान वर करून टेकड्यांची एकसारखी रेघ बघतात, फटी मोजतात आणि कुठली फट बांधली असेल यावर वाद घालतात. बेतव्याजवळ बांधाचे अवाढव्य दगड दिसले की त्यांचा निकाल लागतो.

मंदिर अर्धवटच राहिलं. आत एकाच दगडातलं साडेसात फुटी लिंग आहे, आजूबाजूच्या खडकांवर बांधकामाच्या आकृत्या कोरलेल्या आहेत, आणि मागच्या बाजूला मातीची उतरण अजून उभी आहे. अवजड शिळा वर चढवण्यासाठी ती रचलेली. मी तिच्यापाशी बराच वेळ थांबते. किती चढ ठेवला म्हणजे माणसं आणि बैल थकून बसणार नाहीत आणि उतरण अकारण लांबणारही नाही, हा हिशेब कोणीतरी इथे केला होता. लादलेली सायकल घेऊन घाट चढणाऱ्याला तोच हिशेब करावा लागतो.

सामानाचं इथेच सांगते. वजन खाली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं. टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंद, कारण मुख्य रस्ता सोडला की बाभळीचे काटे आणि गिट्टी. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात जाऊच नये. ही माती दख्खनच्या बेसाल्टची, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली तीच; मडगार्ड आणि टायरमध्ये भरली की चाक जागच्या जागी थांबतं. विंध्याच्या वालुकाश्मावरची वाट मात्र पाऊस थांबताच कोरडी होते. भोपाळभोवती हे दोन्ही खडक शेजारी शेजारी असल्याने पायाखालचा दगड ओळखून मार्ग ठरवता येतो.

त्याच वालुकाश्मात भीमबेटका आहे. नीमचला जन्मलेले विष्णू श्रीधर वाकणकर 1957 मध्ये रेल्वेने भोपाळला येत होते. खिडकीतून दिसलेले खडकांचे आकार त्यांना युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांच्या डोंगरांसारखे वाटले आणि ते तिथे जाऊन पोचले. सातशेहून अधिक शैलाश्रय, त्यांतल्या चारशेहून जास्त ठिकाणी चित्रं; 2003 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा मानलं. 2024 च्या डिसेंबरमध्ये रातापानीच्या व्याघ्र प्रकल्पाला वाकणकरांचं नाव दिलं गेलं, याचा मला फार आनंद झाला. धावत्या गाडीतून डोंगराचा आकार वाचणं ही साधी गोष्ट नाही. मुख्य रस्ता सोडून शैलाश्रयांकडे चढताना सायकल इतकी सावकाश जाते की खडकाची प्रत्येक कपार नीट पाहता येते. त्या चढावर मी कुणालाही घाई करू देत नाही.

ओबेदुल्लागंज आणि बुधनीच्या मधे कुठेतरी विंध्याचा माथा ओलांडला जातो. त्याच्या अलीकडे पडलेला पाऊस बेतवा, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात जातो, पलीकडचा नर्मदेने अरबी समुद्रात. बड्या तलावापासून नर्मदापुरमच्या घाटापर्यंत उंचीत दोनशे मीटरहून जास्त फरक आहे. तो बहुतेक विंध्य उतरणाऱ्या घाटरस्त्यातच संपतो. उतरताना ब्रेक वळणाआधी लावावेत, वळणात नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत सोडत. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, वजन त्यावर. ट्रक मागे असला तर कडेला थांबून त्याला जाऊ द्यावं. आणि हा वाघांचा प्रदेश आहे, दिवस मावळायच्या बऱ्याच आधी जंगलाबाहेर पडलंच पाहिजे, यावर माझ्याबरोबर येणाऱ्याला चर्चेची मुभा नाही.

पुष्कळ जण नर्मदापुरमहून सायकल रेल्वेच्या लगेज डब्यात टाकून परततात. मला तो घाट पुन्हा चढून यायला आवडतं. उतरताना निसटलेले नाले चढताना भेटतात, आणि मुलांना काम देता येतं: माथा नेमका कुठे आहे ते प्रत्येकाने ओळखायचं. ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने थांबायचं, मग रस्त्याखालच्या मोऱ्या तपासायच्या आणि गाळाच्या रेघांवरून पाणी कुणीकडे वाहून गेलंय ते ठरवायचं. गेल्या वेळी दोन मोऱ्यांवर एकमत झालं नाही. एक मुलगी म्हणाली दोन्ही नर्मदेच्या, बाकीचे म्हणाले एक बेतव्याची. कोरड्या गाळावरून निकाल लागेना. पहिला मोठा पाऊस झाला की त्या दोन मोऱ्यांपाशी पुन्हा जायचं ठरलं आहे.