नव्या आवृत्तीच्या आडवाटा

धर्माची गाय आणि दात का गं नाय, असे म्हणून आपल्या पूर्वजांनी फुकट मिळालेल्या वस्तूविषयी कुरकुर करणाऱ्याची थट्टा केली आहे. वर्डप्रेस या संगणकप्रणालीविषयी लिहिताना ही म्हण आम्हांस प्रथम आठवते. स्वतःचे लेखन महाजालावर प्रकाशित करण्यासाठी ती जगभर वापरली जाते. आमच्या धर्मग्रामाचे संकेतस्थळही तिच्यावरच चालते. मिशेल वाल्द्रिगी यांची बीटू नावाची प्रणाली मागे पडल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तिचाच धागा पुढे नेला आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. मूल्य काही नाही. मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, इतरांना द्यावी. अशा दानाचे दात मोजू नयेत, हे मान्य. परंतु गाय गोठ्यात येऊन वर्षे लोटली, घरची मुले तिच्या दुधावर वाढली आणि मग दात्याने एके रात्री येऊन तिची शिंगे मागच्या बाजूला बसविली, तर धार काढणाऱ्याने काही बोलावे की नाही?

प्रारंभीच्या काळात नवी आवृत्ती चढविणे हे एक अनुष्ठानच होते. आधी सर्व लेखनाची प्रत काढून ठेवायची, जोडलेली सारी प्लगिन्स बंद करायची, जुन्या फाइली पुसायच्या, पण नेमक्या कोणत्या पुसायच्या नाहीत हे ध्यानात ठेवायचे, मग नव्या फाइली एकेक करून सर्व्हरवर पाठवायच्या. क्रम चुकला की पडदा कोराच. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या 2.7 या आवृत्तीने हे सारे एका बटणावर आणले आणि पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. मार्चमध्ये 2.5 ही आवृत्ती आली. लेखाचा विषयवार वर्ग निवडण्याची चौकट तोवर लिहिण्याच्या जागेच्या उजव्या अंगाला होती. ती तेथून उचलून लेखाच्या खाली नेण्यात आली. बदल एवढासाच, परंतु प्रत्येक लेखामागे पडदा खाली सरकवणे आले आणि विसरणेही आले. लोक चिडले. ज्यांना जमत होते त्यांनी ती चौकट पुन्हा उजवीकडे आणणारी छोटी प्लगिन्स लिहिली आणि इतरांना वाटली. पुढे वापरकर्त्यांना प्रत्यक्ष समोर बसवून, त्यांची नजर पडद्यावर कोठे कोठे फिरते हे पाहून 2.7 ची रचना ठरविण्यात आली. तीत या चौकटी ज्याने त्याने आपल्या सोयीने ओढून हव्या तेथे ठेवाव्यात अशी व्यवस्था झाली. आडवाटेने जाणाऱ्यांची पावले पाहून कोणीतरी तेथे रस्ता बांधला, असेच म्हणावे लागेल.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण मात्र याहून खोल होती. जुन्या व्यवस्थेत माहितीसाठ्याला आपल्यात साठविलेली अक्षरे लॅटिन लिपीची आहेत असे वाटत असे. प्रत्यक्षात आत देवनागरी असे. हा गैरसमज कोणी उकरून काढीत नव्हते तोवर सर्व ठीक होते. 2007 च्या 2.2 या आवृत्तीपासून अक्षरसंचाचे नाव स्पष्ट सांगण्याची सोय झाली. ते नाव आणि जुना साठा यांचा मेळ बसला नाही की अक्षरांचा कचरा होई. देवनागरीचे एक अक्षर तीन तुकड्यांत साठविले जाते. त्यामुळे ‘मरण’ या तीन अक्षरी शब्दाजागी डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि चलनाच्या खुणा यांची नऊ चिन्हांची रांग उभी राही. लेख नष्ट झालेला नसे, तो केवळ परक्या डोळ्यांनी वाचला जात असे. यावरची आडवाट अगदी साधी होती: मांडणीच्या फाइलीतील त्या एका ओळीपुढे दोन तिरप्या रेघा ओढून ती ओळ निष्प्रभ करणे. दोन रेघांनी वर्षांचे लेखन परत येई! नागरी खिळ्यांच्या अभावी फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रोमन लिपीत छापावे लागले. मराठीची ही आडवाट तशी जुनीच आहे.

6 डिसेंबर 2018 रोजी 5.0 ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ‘गुटेनबर्ग’ नावाचे नवे लेखनपीठ. नाव थोर. परंतु या लेखनपीठात सलग कागद नाही; प्रत्येक परिच्छेद हा स्वतंत्र ठोकळा. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका जुन्या लग्नगीतांविषयी आणि विस्मरणात चाललेल्या बोलीतील शब्दांविषयी नेमाने लिहीत असत. नवे रूप पाहून त्या म्हणाल्या, “फादर, माझा कागद कुठे गेला? इथे एकेक ओळ वेगळी होऊन बसते.” पुढचे तीन आठवडे त्यांचा मजकूर आला नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईंचे तीन आठवडे म्हणजे किती शब्द, याचा हिशेब वाचकहो, तुम्हीच करा.

दृष्टिहीनांना हे लेखनपीठ वापरणे कठीण जाईल, हा आक्षेप तर ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच घेतला गेला होता. सुगम्यतेचे काम पाहणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी ऑक्टोबर 2018 मध्ये पद सोडले. ठोकळ्यांचे लाभ आहेत, ते आम्ही नाकारीत नाही. चित्रे आणि मजकूर यांची मांडणी तरुण मंडळी त्यातून सुंदर करतात. तथापि ज्याला केवळ लिहायचे आहे त्याचा विचार नंतर झाला, असे आमचे मत आहे.

येथेही आडवाट निघाली आणि ती कर्त्यांनीच काढून दिली: ‘क्लासिक एडिटर’ नावाचे प्लगिन बसविले की जुना कागद परत. 50 लाखांहून अधिक ठिकाणी ते बसविले गेले. 2021 अखेरपर्यंतच त्याची देखभाल करू, असे प्रथम जाहीर झाले होते. ती मुदत पुढे ढकलावी लागली. बाईंच्या खात्यापुरते आम्ही ते बसवून दिले. त्यांनी एवढेच विचारले, “परत बदलणार नाही ना?” आम्ही म्हटले, “बाई, तुम्ही तोवर लिहून घ्या.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकदम चार गीते पाठविली.