वुडवर्डचे खड्डे आणि चारशे घोडे

मसल कार निवडायची तर ती शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर निवडू नये, हिवाळा नुकताच संपलेल्या मिशिगनच्या रस्त्यांवर निवडावी, असं माझं मत आहे. म्हणून एप्रिलातली ही चक्कर: डेट्रॉईटच्या नदीकाठावरून वुडवर्ड ॲव्हेन्यूने पाँटिॲक, तिथून फ्लिंट, मग लान्सिंग, आणि परतीला मिलफर्डवरून खाली फ्लॅट रॉक. हाताखाली भाड्याची साधी सेडान आहे आणि ते बरंच आहे. जिच्या मोहात पडायचं तिच्यातच बसून न्याय करायला गेलं की निकाल आधीच लागलेला असतो. प्रश्न असा की चारशे-साडेचारशे अश्वशक्तीची गाडी हवी, पण तिनं रोजच्या येण्याजाण्यात कंबरडं मोडता कामा नये. यावर नेहमीचं उत्तर असतं की दोन्ही एकत्र मिळत नाही, ताकद हवी तर हाडं खिळखिळी व्हायची तयारी ठेवा. मला हे पटत नाही. खराब रस्त्यावर ज्या गाडीत आराम नाही तिची ताकद वापरताही येत नाही, आणि या रस्त्यांवर त्याचा पुरावा जागोजाग पडलेला आहे.

वुडवर्ड शहराच्या मध्यातून वायव्येला सरळसोट निघतो. हायलंड पार्क लागतं, जिथे फोर्डने १९१३ साली चालती असेंब्ली लाइन सुरू केली. पुढे सिक्स माइल आणि सेव्हन माइल या आडव्या रस्त्यांमधला तुकडा येतो. तो १९०९ साली काँक्रीटचा झाला आणि अमेरिकेतल्या काँक्रीट हमरस्त्याचा पहिला मैल म्हणून ओळखला जातो. एट माइलला डेट्रॉईटची हद्द संपते आणि फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम अशी उपनगरं सुरू होतात. रस्ता रुंद, मधे गवताचा दुभाजक, वळण जवळपास नाहीच, आणि ठरावीक अंतरावर सिग्नल. साठच्या दशकात रात्री इथे पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावत, आणि गाड्या बनवणारे इंजिनिअरही आपली नवी यंत्रं याच रस्त्यावर आजमावायला आणत. मसल कारचा स्वभाव या रस्त्याने घडवला आहे: सरळ रेषेत जोरदार पिकअप, आणि वळणाबिळणाचं नंतर बघू. पण इथेच एक हिशेब करून पाहावा. दोन टनांना थोडी कमी अशी गाडी, निम्म्याहून थोडं जास्त वजन मागच्या चाकांवर, रस्ता कोरडा. ताशी ४५ मैलांच्या वेगाला ती दोन चाकं घसरण्याआधी जमिनीला जी ताकद देऊ शकतात ती अडीचशे अश्वशक्तीच्या आसपास भरते. सिग्नलवरून सुटताना तर बरीच कमी. उरलेले घोडे टायरचा धूर काढण्यापुरते. आणि हा हिशेब सपाट रस्त्याचा झाला. चाक खड्ड्याच्या काठावरून क्षणभर उडालं की त्या क्षणी ते शून्य ताकद देतं, इंजिन ४०० चं असो की ७०० चं. चाक जमिनीला चिकटून ठेवणं हे सस्पेन्शनचं काम, आणि जे सस्पेन्शन ते नीट करतं तेच बहुधा बसणाऱ्याच्या पाठीलाही सांभाळतं.

खड्ड्यांना इथे तोटा नाही. काँक्रीटच्या भेगांत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काँक्रीट उचकटतं, मार्चमध्ये बर्फ वितळलं की पोकळी उरते आणि वरून ट्रक जातात. ट्रकही कसे, तर मिशिगनच्या कायद्यात ११ ॲक्सल असतील तर एकूण १,६४,००० पौंड, म्हणजे सुमारे ७४ टन वजन चालतं. ट्रॉय, नोव्हाय, कँटन भागात राहून मोटारींच्या धंद्यात नोकरी करणारी पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर हाडं मोकळी करून आलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही.

रॉयल ओकमध्ये एके काळी रॉयल पाँटिॲक नावाची डीलरशिप होती. तिचं नाव आजही हौशी लोकांच्या तोंडी आहे, कारण १९६४ च्या पाँटिॲक जीटीओचा बोलबाला करण्यात तिचा मोठा हात होता. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतलं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असाही कंपनीचा नियम होता. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक विभागातले इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली: टेम्पेस्ट ल मान्स या घरगुती गाडीला सुमारे ३०० डॉलरचा जादा पर्याय म्हणून ३८९ घनइंचांचं इंजिन देऊन टाकलं. अश्वशक्ती ३२५. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. त्या वर्षी ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने चाचणीत ४.६ सेकंदांत ताशी ६० मैल गाठल्याचं छापलं आणि खळबळ उडाली; चाचणीच्या गाडीत प्रत्यक्षात ४२१ घनइंचांचं इंजिन होतं, हे जाहिरातीची धुरा वाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगून टाकलं. तेव्हा जाहिरातीतल्या आकड्यावर गाडी निवडू नये, हा धडा मसल कारच्या जन्माबरोबरच मिळालेला आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की जीटीओ मुळात संसारी गाडी होती. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, मागे तिघांची जागा, सामानाला ऐसपैस डिकी. ‘मसल कार घेणाऱ्याला आराम कशाला, तो हवा तर लेक्सस घ्या,’ असं जे म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. हाडं खिळखिळी करणारी गाडी हीच अस्सल, ही समजूत मागाहूनची आहे. साध्या गाडीत मोठं इंजिन, एवढीच मूळ कल्पना होती. कडक स्प्रिंगा तिच्या व्याख्येत कधीच नव्हत्या.

पाँटिॲकहून आय-७५ महामार्ग धरला की वेगमर्यादा ७० मैलांवर जाते आणि टायरचा आवाज बदलतो: टक, टक, टक. काँक्रीटच्या लाद्यांचे जोड सर्वसाधारणपणे १५ फुटांच्या आसपास असतात. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १०३ फूट, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात दचके. माणसाचं शरीर वर-खाली होणाऱ्या कंपनांपैकी सेकंदाला चार ते आठ या टप्प्यातल्या कंपनांना सगळ्यांत हळवं असतं. म्हणजे महामार्गाचा वेग आणि लादीची लांबी यांचा भागाकार नेमका आपल्या पोटातल्या आतड्यांवर येऊन पडतो. एखादा मोठा खड्डा माणूस विसरतो, हा टकटकाट दोनशे मैल अंगात मुरतो. म्हणूनच टेस्ट ड्राइव्ह गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवरून घेऊन भागत नाही, अशा जोडांवरून अर्धा तास तरी गाडी न्यावी लागते.

फ्लिंट हे ब्युइकचं गाव. १९७० ची ब्युइक जीएस ४५५ स्टेज वन माझ्या म्हणण्याचा सर्वांत भरभक्कम साक्षीदार आहे. कागदावर ३६० अश्वशक्ती, म्हणजे तेव्हाच्या क्राइस्लरच्या ४२६ हेमीच्या ४२५ पुढे कमीच. पण टॉर्क ५१० पौंड-फूट, तोही अवघ्या २,८०० फेऱ्यांना. त्या काळी अश्वशक्ती इंजिन स्टँडवर ठेवून, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजत; १९७२ पासून मोजणी बदलली आणि सगळ्यांचेच आकडे एका रात्रीत उतरले. टॉर्क मात्र रोज हाताशी असतो: इंजिन ओरडायला न लावता, गिअर न पाडता, ट्रकला मागे टाकता येतं. ब्युइकचं गिऱ्हाईक डॉक्टर-बँकर मंडळी, त्यामुळे सीट सोफ्यासारखी आणि चाल मऊ. तरीही या गाडीने पाव मैल साडेतेरा सेकंदांच्या आत कापल्याची चाचणी ‘मोटर ट्रेंड’ने १९७० मध्ये छापली. ती गाडीही खास तयार केलेली असेल, असा आक्षेप वँगर्स प्रकरणानंतर कुणी घेतला तर तो रास्त आहे. वेळेत अर्धा सेकंद वाढवून धरा. तरीही शहरातल्या सगळ्यांत मऊ गाड्यांपैकी एक सगळ्यांत वेगवान गाड्यांच्या पंगतीत बसतेच.

फ्लिंटला आय-६९ आडवा जातो. पूर्वेला कॅनडाची हद्द आणि तिच्यापलीकडे काही तासांवर ब्रॅम्प्टन, जिथे २००८ पासून डिसेंबर २०२३ पर्यंत नवी डॉज चॅलेंजर बनत होती. मसल कारची मूळ व्याख्या तिनं सगळ्यांत जास्त पाळली. व्हीलबेस ११६ इंच, चारही चाकं स्वतंत्र, मागे मोठी माणसं खरोखर बसतात, वजन दोन टनांच्या आगेमागे. ५.७ लिटर हेमीची आर/टी ३७५ अश्वशक्तीची, ६.४ लिटरची स्कॅट पॅक ४८५ ची, आणि सुपरचार्जरवाली हेलकॅट ७०७ पासून पुढे. वुडवर्डवरचा हिशेब इथे कामाला येतो: हेलकॅटच्या वाढीव घोड्यांसाठी पुढच्या धुऱ्यावर वजन वाढतं, मागे रुंद आणि बुटके टायर लागतात, स्प्रिंगा आवळाव्या लागतात. त्या घोड्यांचं काम वर्षातून चार-दोन दिवस, त्यांची किंमत मात्र रोज पाठ चुकती करते. शर्यतीच्या पट्टीवर जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी.

पश्चिमेला लान्सिंग. सहाव्या पिढीची कॅमॅरो इथल्या ग्रँड रिव्हर कारखान्यात बनत असे; २०२४ हे तिचं शेवटचं मॉडेल वर्ष. एसएसला ६.२ लिटरचं, ४५५ अश्वशक्तीचं इंजिन, आणि वळणावर ती या घराण्यात सर्वांत शहाणी. पण तिच्या टायरच्या कडेवर काय छापलंय ते वाका आणि वाचा. पुढे २४५/४० आर २०. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या भिंतीची उंची, तिसरा रिमचा व्यास. २४५ चे ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर रबर, आणि त्यानंतर थेट ॲल्युमिनियम. मागे २७५/३५, म्हणजे ९६. चॅलेंजर आर/टीच्या २४५/४५ चे होतात ११०. फोर्ड मस्टँग जीटीच्या साध्या १८ इंची चाकावर २३५/५०, म्हणजे जवळजवळ ११८. वीस मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्याही आधी खड्डा झेलतं ते हे रबर, आणि रिम वाकणार की वाचणार तेही तेच ठरवतं. मोठी चाकं छायाचित्रात रुबाबदार दिसतात, एवढाच त्यांचा पक्ष मला मान्य आहे. कॅमॅरोची दुसरी अडचण खिडक्यांची. त्या इतक्या अरुंद आहेत की बाजूच्या लेनमध्ये काय चाललंय ते अंदाजाने ओळखावं लागतं, आणि सतत मान वळवून बघावं लागणं हाही आरामाचाच प्रश्न आहे.

परतीला आय-९६ वर मिलफर्ड लागतं. जनरल मोटर्सचं १९२४ पासूनचं प्रूव्हिंग ग्राउंड, म्हणजे गाड्यांच्या चाचणीचं मैदान, इथे आहे. कुंपणाआड मुद्दाम खराब करून ठेवलेले रस्ते आहेत. रोल्स-रॉइसमधून आलेले मॉरिस ऑली यांनी तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्समध्ये एका कॅडिलॅकला पुढे-मागे हलवता येणारी वजनं लावून चालीचा अभ्यास केला. निष्कर्ष असा की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना उशिरा. मागचं टोक थोडं जलद हललं तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी डुलायची थांबून सपाट वर-खाली होते. ‘मऊ गाडी वळणावर होडीसारखी हेलकावते, साडेचारशे अश्वशक्तीला ते धोक्याचं आहे,’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांबाबत तो खराही होता. पण त्यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांची गल्लत आहे. हेलकावे स्प्रिंग मऊ असल्याने सुरू होतात, पण चालू राहतात ते शॉकॲब्सॉर्बर दुबळा असल्याने. २००२ साली कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये प्रथम आलेल्या मॅग्नेटिक शॉकॲब्सॉर्बरने ही गाठ बरीच सोडवली: आतल्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण, भोवती वेटोळं, त्यात वीज सोडली की काही मिलिसेकंदांत तेल घट्ट. सरळ रस्त्यावर मऊ, वळणावर कडक. हे तंत्र कॅमॅरोला जादा पैशांत मिळे, आणि मस्टँगला मॅग्नेराइड या नावाने मिळतं. ते बिघडलं की बदलायचा खर्च साध्यापेक्षा बराच जास्त येतो हे खरं, म्हणून जुन्या गाडीत ते असलं तर चारही कोपऱ्यांखाली तेल गळतंय का हे वाकून बघावं.

डेट्रॉईटच्या दक्षिणेला फ्लॅट रॉक. मस्टँग इथे बनते, आणि व्ही-८ इंजिनासह नवी कोरी मिळणारी या तिघींतली ती एकटीच उरली आहे. २०१५ च्या मॉडेलपर्यंत, मोजक्या कोब्रा आवृत्त्या सोडल्या तर, तिच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा एकच सलग धुरा असे. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही हिसका खाई. २०१५ ला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, उजव्या स्टिअरिंगची आवृत्ती निघाली, आणि २०१६ मध्ये ती सुमारे ६५ लाखांना भारतातही आली. तिचा व्हीलबेस १०७ इंच, चॅलेंजरपेक्षा ९ इंचांनी कमी, आणि त्याच उंचवट्यावर ती तेवढी जास्त डुलते. नवीच गाडी हवी असेल तर १८ इंची चाकांची साधी जीटी घ्यावी. ४८० अश्वशक्ती कुणालाही पुरून उरते. जुनी चालत असेल तर माझं मत चॅलेंजर आर/टीच्या पारड्यात, तीही ऑटोमॅटिक. सुरुवातीच्या वर्षांत ती कारखान्यातूनच १८ इंची चाकांवर येत असे, टायर २३५/५५, म्हणजे १२९ मिलिमीटरची भिंत. अशी गाडी सापडली आणि आधीच्या मालकाने हौसेने मोठी चाकं चढवली असतील, तर मूळ चाकं त्याच्या गॅरेजमध्ये आहेत का हे भाव ठरवण्याआधी विचारावं.