अर्धा जोर

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आणि दुसरं म्हणजे हा लेख मेसमध्ये जेवताना वाचू नका!

गडहिंग्लजजवळ माझ्या मामाकडे ससे आहेत. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, न्यूझीलंड व्हाइट जातीचे. मादी महिन्याभरात विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. तीन महिन्यांत पिल्लू साधारण दोन किलोचं होतं आणि मग... मटणाला जातं. "सो क्यूट" म्हणत त्यांना लसूणघास भरवणारी मी, या "मग"पाशी आले की माजघरात पळायचे.

बारावीच्या सुट्टीत मात्र पळता आलं नाही. मामा सशाच्या मानेमागे दांडका मारायचा. त्या दिवशी ससा हलला आणि फटका खांद्यावर बसला. ससा एरवी आवाजसुद्धा करत नाही. पण तो किंचाळला, अगदी तान्ह्या बाळासारखा. दुसरा फटका घालताना मामाचाच हात थरथरत होता. त्या रात्री घरात कोणीच मटण खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः जाऊन तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी जे शिकवलं ते कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त लक्षात राहिलंय. ससा कान धरून उचलायचा नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. आधार नसला तर लाथ झाडताना त्याचा स्वतःचाच मणका मोडतो. उताणा केला की तो गप्प पडतो. मला वाटायचं, झोपला. पण ती झोप नसते, भीती असते. आणि दुसऱ्या सशांसमोर कधीच मारायचं नाही. आपल्याकडे कत्तलखान्यांच्या २००१ च्या नियमांतही हेच आहे, एका जनावरासमोर दुसरं मारू नये.

मग पद्धत. ससा जमिनीवर शांत बसू द्यायचा. कानांच्या अगदी मागे, मानेवर लोखंडी गज ठेवायचा. गजाच्या दोन्ही बाजूंना पाय दिले की त्याच क्षणी मागचे पाय धरून सरळ वर खेचायचं. कवटी आणि मान यांचा सांधा सुटतो, मज्जारज्जू तुटतो, शुद्ध जाते. पाय नंतरही थोडा वेळ झाडतात, ती नुसती रिफ्लेक्स. खात्रीसाठी बुबुळाला हलकेच बोट लावायचं. पापणी मिटली नाही, श्वासही नाही, म्हणजे संपलं. मगच सुरी.

"दया येऊन हात आखडता घेता ना, तीच खरी क्रूरता," डॉक्टर म्हणाले. "अर्धा जोर लावायचा नाही."

गेल्या मे महिन्यात मामाचा हात प्लास्टरमध्ये, आणि गिऱ्हाईक दारात. मामा म्हणाला, "शेजारच्या पोराला बोलावतो." तो पोरगा म्हणजे पुन्हा दांडका! मी म्हटलं, "मामा, मी करते."

"तुला जमायचं न्हाई गं बाई."

मामी आतून म्हणाली, "करू द्या तिला."

मीच भरवलेला घास तो अजून चघळत होता. मेकॅनिकलची तीन वर्षं, पण फोर्स-टॉर्क काही आठवलं नाही. आठवली ती किंचाळी. खेचलं, पूर्ण जोराने. आवाज नाही. डोळ्याला बोट लावलं. पापणी हलली नाही. मग गोठ्यामागे जाऊन भरपूर रडले. मामाने डाव्या हाताने पाठ थोपटली, बोलला काहीच नाही.

रविवारी आपल्या मेसमध्ये चिकन असतं. अर्धे पीस ताटात तसेच टाकून कितीतरी जण उठतात. मी कोणाला व्हेज व्हा म्हणत नाही, मीही झालेले नाही. फक्त आता वाढून घेताना बेताने घेते, आणि घेतलं की हाडापर्यंत संपवते.

एवढंच सांगायचं होतं. बाकी, शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.