टिळकांचं घर

परधर्मीय शेजाऱ्याशी ख्रिस्ती माणसानं कसं वागावं, असा प्रश्न निघाला की मला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घर आठवतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई परत नांदायला आल्या, त्या हिंदू म्हणूनच. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात त्यांचं सोवळं चालू होतं, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळक स्वभावानं शीघ्रकोपी. एका गोष्टीच्या मागे लागले की घरदार विसरणारे. त्या माणसानं इथे बळजोरी केली नाही, हे मला त्यांच्या कवितेइतकंच मोठं वाटतं. शिवाशिवीचा विचार लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशी झगडून सोडला, आणि १९०० साली बाप्तिस्माही स्वतःच्या समजुतीनं घेतला.

याच घरात नगरला बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. ते हिंदूच राहिले, म्हणून ती आटली नाही.

आमच्या ख्रिस्ती समाजात मात्र अजून अशी माणसं आहेत की शेजारून दिवाळीचं ताट आलं की आधी विचारतात, ‘नैवेद्याचं तर नाही ना?’ करंजी हातात, आणि तोंडावर संशय! बायबलमध्ये पौलानं करिंथकरांना केव्हाच सांगून ठेवलंय की विश्वास न ठेवणाऱ्यानं जेवायला बोलावलं, तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खावं. याच्या उलट टोकाचीही माणसं भेटतात. ती शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जातात, पण मनात हिशेब असतो की हा कधी ना कधी चर्चमध्ये येईल. मला हे जास्त लागतं. अशा मायेला कधी ना कधी वास येतोच. विचारलं तर ख्रिस्ताविषयी भरभरून बोलावं, लपवू नये. पण डबा पोचवायचा तो माणूस उपाशी आहे म्हणून.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक सांगत. ज्यांच्याकडून एवढं घेतलं, त्यांच्याकडे वरून बघणं त्यांना शक्यच नव्हतं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार टिकला नाही, याची मला खंत आहे. आज कुणी तो पुन्हा भरवला, तर शेजारच्या काकूंना घेऊन मी जाईन, आणि त्यांनी तिथे अभंग म्हटला तर टाळ धरीन.