एंडेव्हर

आमच्या बँकेच्या पत्रांत एक इंग्रजी क्रियापद गेली कित्येक वर्षं बिनपगारी राबतं आहे. 'एंडेव्हर'. 'वी शॅल एंडेव्हर टु...' अशी सुरुवात दिसली की खातेदाराने खुशाल समजावं, काम व्हायचं नाही. साधं 'ट्राय करू' म्हटलं तर लोक दुसऱ्या दिवशी येऊन उभे राहतात. 'एंडेव्हर' म्हटलं की महिनाभर फिरकत नाहीत. शब्दाचं वजन असतं हो!

मी पडलो बी.कॉम. शब्दांच्या कुळाची चौकशी कधी केली नाही. पण इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी ती करायला लावली. यजमान गेल्यावर त्यांचं फॅमिली पेन्शन सात महिने अडकलं होतं. मृत्यूचा दाखला मिळालेला नाही, मिळताच एंडेव्हर करू, अशी आमची तीन पत्रं त्यांना गेली होती. बाईंनी तिन्ही काउंटरवर मांडली. त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ.

"अर्थ?"

"प्रयत्न," मी म्हणालो.

"तो सातवीतलं पोरही सांगेल. मूळ बघा."

बघितलं. जुन्या इंग्रजांत 'स्वतःला देव्हरमध्ये घालणं' अशी बोलण्याची तऱ्हा होती. देव्हर म्हणजे कर्तव्य. हा फ्रेंचांचा शब्द. त्याच्यामागे लॅटिन 'देबेरे', देणं लागणं. आणि इथे मी खुर्चीत ताठ झालो, कारण आपला 'डेबिट' याच देबेरेच्या पोटचा! 'डेट' आणि 'ड्यू' हीसुद्धा त्याच घरची मंडळी. देबेरेची फोड केली तर दुसऱ्याचं आपल्यापाशी ठेवून असणं. ही तर बँकेचीच व्याख्या झाली. म्हणजे 'प्रयत्न करू' नव्हे, 'देणं लागतो' असं आम्ही सहीशिक्क्यानिशी तीनदा लिहून दिलं होतं.

या नावाचं जहाज घेऊन कॅप्टन कुक 1768 साली इंग्लंडहून निघाला. जहाज मूळचं कोळसा वाहणारं. 1770 मध्ये ते ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकात रुतलं, तेव्हा तोफासुद्धा समुद्रात फेकून त्याने ते हलकं केलं आणि सोडवलं. आमच्याकडे फाइल रुतली की तिच्यावर आणखी कागद ठेवतात. पुढे अमेरिकेने 1992 साली उडवलेल्या अवकाशयानाला कुकच्या जहाजाचं नाव दिलं, तेही मुद्दाम इंग्रजांच्या स्पेलिंगने. 2007 साली त्याच यानाच्या शुभेच्छांच्या फलकावर नेमकं स्पेलिंग चुकलं. तेव्हापासून मला अमेरिकेबद्दल आपुलकी वाटते.

असो. डेबिटची हकीकत मी साहेबांच्या कानावर घातली. साहेब दचकले. "मग तो शब्द काढा आधी!"

चौथ्या पत्रात 'वी शॅल ट्राय' गेलं. बाई दुसऱ्या दिवशी हजर.

"ट्राय म्हणजे मुळात निवडणं. तांदूळ निवडतो तसं. तुम्हाला कुठला वेळ? आणा तो गठ्ठा इकडे."

साहेब जेवायला गेले होते. मी गठ्ठा दिला. बाकावर बसून बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक कागद वेगळा करायला घेतला. पाऊण तासाने कुणाच्या तरी चेकबुकाच्या अर्जाला टाचलेला त्यांच्या यजमानांच्या मृत्यूचा दाखला निघाला. त्यावर सात महिन्यांपूर्वीचा आमचाच आवक शिक्का होता.

बाईंनी दाखल्यावरून एकदा हात फिरवला आणि टाचणी तेवढी मला परत दिली. "बँकेची आहे," म्हणाल्या.