माहेरवाशीण आणि सातबारा

मराठवाड्यात वास्तव्यास आलेल्या माणसाला ज्या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, त्यांत सणांचे मोठेलहानपण ही एक आहे. कोकणातली माणसे गणपतीला गावी जातात, इकडची महालक्ष्म्यांना. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन आणि नैवेद्य होतो, मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. कोकणात हीच गौर तेरड्याच्या रोपांची किंवा पाणवठ्यावरच्या खड्यांची असते. इकडे मुखवट्यांच्या दोन उभ्या मूर्ती, त्यांना नेसवलेली जरीची लुगडी, शेजारी त्यांची लेकरे आणि वर टांगलेला करंज्या-साटोऱ्यांचा फुलोरा. दूर नोकरीला असलेला मुलगा एखाद्या दिवाळीला आला नाही तर घरचे समजून घेतात. महालक्ष्म्यांना आला नाही तर चौकशी होते.

आमच्या शाळेतील एका शिक्षकांच्या घरी या सणाला जाण्याचा योग मला आला. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यान त्यांचे गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची रुंद पाने पावसात न्हाऊन निघाली होती आणि सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. त्यांच्या घरातील चार भाऊही त्याच सुमारास वेगळे निघाले, असे शिक्षक हसत म्हणाले. एक भाऊ गावात, एक हिंगोलीला, एक नांदेडला, एक पुण्याला. दोन बहिणी आपापल्या सासरी. मुले, सुना, जावई, नातवंडे धरून साठांवर पाने मांडली होती.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली आहेत: एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलोपासना आणि परस्परांतील नाते. या घराला ही मोजपट्टी लावून पाहिली. छप्पर वेगळे झाले, चुली चार झाल्या, शेतही चौघे आपापले कसतात. उरले ते नाते आणि ही उपासना. महालक्ष्म्या मात्र कोणी वाटून घेतल्या नाहीत. त्या थोरल्याच्या घरी एकत्रच राहिल्या. त्यामुळे वर्षातून तीन दिवस विझलेली ती एक चूल पुन्हा पेटते.

ती पेटते म्हणजे काय होते, हे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिल्यावर समजते. पहाटेपासून हरभऱ्याच्या डाळीचे पुरण शिजत होते. सोळा भाज्या, कटाची आमटी, कढी, ज्वारीची आंबील. विहिरीच्या पाळीवरून वर्षभर अबोला धरलेल्या दोन जावा एकाच परातीतले पुरण वाटत बसल्या होत्या. पुण्याहून आलेली, संगणकाच्या क्षेत्रात काम करणारी सून पोळ्या लाटत होती आणि थोरली सासू तिच्या पोळीची कड नीट करून देत होती. आपण पुरुष अशा मेळाव्याला ‘आनंदाचा सोहळा’ म्हणतो. त्या आनंदाच्या पाठीशी किती मनगटे दुखत असतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

पूजेच्या वेळी मी ओसरीवर बसून होतो. नंतर सर्वांबरोबर पंगतीत जेवलो. कुणी मला परके मानले नाही. ‘फादर, आणखी एक पोळी,’ असा आग्रह करणाऱ्या आजीबाई म्हणजे या घरची थोरली लेक. सारे त्यांना आक्का म्हणत. वय सत्तरीचे, जिंतूरकडे दिलेल्या.

जेवणे आटोपली, पानसुपारी झाली आणि एका भावाने पिशवीतून कागद काढला. ते हक्कसोडपत्र होते. वडील वारल्यानंतर वारस म्हणून सहाही भावंडांची नावे सातबाऱ्यावर चढली होती. पीककर्ज काढायचे म्हटले की दर वेळी सहा सह्या जमवाव्या लागतात, ही भावांची अडचण खोटी नव्हती. धाकटीने संमती दिली होती. आक्कांनी तेवढा अंगठा उठवावा, सण झाला की वसमतला जाऊन नोंदणी करून टाकू, असे ते म्हणाले.

आक्कांनी कागदाला हात लावला नाही. म्हणाल्या, “सणाच्या दिवशी ह्यो कागद काढू नका रे. मी जेवायला आले, माहेर तोडायला न्हाई. पीक तुम्हीच घ्या, मला दाणा नको. पर माझं नाव तिथं हाय तवर ह्या गावात माझं कुणी हाय, असं वाटतं.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरल्याने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि एवढेच म्हणाला, “बरं, आक्का.” कागद काढणारा भाऊ मात्र चहा न घेताच सायंकाळी आपल्या गाडीने निघून गेला. पुढच्या वर्षी तो येईल की नाही, याची कुजबुज स्वयंपाकघरात उशिरापर्यंत चालली होती.

परतीच्या वाटेवर एक विचार मनातून जाईना. महालक्ष्म्याही माहेरवाशिणीच. त्या तीन दिवस येतात, गोडधोड जेवतात, ओटी घेतात आणि काहीही न मागता जातात. लेकीनेही तसेच असावे, असे आपल्याला वाटते. ती आली की आपण आनंदतो. तिने हक्काचा शब्द काढला की ती एकाएकी ‘सासरची’ होते.

कायद्याने ही गोष्ट केव्हाच निकालात काढली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाच्या बरोबरीने आणले. हा हक्क जन्मसिद्ध असून २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. आपणा ख्रिस्ती लोकांना तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांत भेदच नाही. केरळातील मेरी रॉय यांनी आपल्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि १९८६ साली तेथील ख्रिस्ती मुलींनाही हाच कायदा लागू असल्याचा निर्णय मिळवला. तरीही हक्कसोडपत्रे होतच आहेत, आपल्या घरांतूनही. कारण सहीचा प्रश्न कायद्याचा नसून भीतीचा आहे. सही नाकारली तर माहेर तुटेल, ही ती भीती.

बहिणीने प्रेमाने भावाला हिस्सा सोडला, तर ते दान थोरच. परंतु भीतीपोटी केलेल्या सहीला दान म्हणता येणार नाही. ते माहेरच्या उंबऱ्यावर भरलेले भाडे आहे.

बायबलमधील गणना या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची कथा आहे. त्यांना भाऊ नव्हता. त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि आपल्या बापाचे नाव कुळातून पुसले जाऊ नये म्हणून त्यांनी वतन मागितले. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. या कथेची आठवण मला आक्कांच्या बोलण्याने झाली. त्यांनाही धान्य नको होते, नाव हवे होते. याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. त्यांच्या घरातील सर्वांनी अभंग रचले, असे परंपरा सांगते. त्यात बहीण आऊबाई आहे आणि रक्ताचे नाते नसलेली जनाबाईही आहे. ज्या घराने बहिणीचे आणि दासीचे शब्द जपले, त्या घराचे नाव सातशे वर्षे टिकले.

आपल्याकडे नाताळाला, कुणाच्या लग्नाला, आईवडिलांच्या स्मरणदिनी अशीच कुटुंबे जमतात. त्या दिवशी कागद पेटीतच असू द्यावा. बहिणीशी बोलायचेच असेल तर सण उलटल्यावर तिच्या घरी जावे, तिच्या अंगणात बसून विचारावे आणि ती ‘नाही’ म्हणाली तरी पुढच्या सणाचे बोलावणे देऊनच उठावे. असे बोलावणे देणारा एक जरी भाऊ घरात असला, तरी ती एक चूल पुढच्या वर्षी पेटेल.