फुटबॉलच्या मैदानावर अहिंसा



२०२४च्या डिसेंबरात इंग्लंडला लेकीकडे होते. एका शनिवारी नातू म्हणाला, "आजी, तुला आवडेल असा क्लब दाखवतो." नेल्सवर्थ या छोट्या गावचा फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स. त्याच वर्षी वरच्या चार लीगमधून खाली घसरलेला, म्हणजे तिकडच्या भाषेत 'नॉन-लीग'.

या क्लबात २०१५पासून सगळं खाणं व्हीगन. मांस-अंडी नाहीतच, दूधही नाही. खेळाडूंनाही तेच. हिरवळीवर कीटकनाशक मारत नाहीत. हे ऐकून माझे हात आपोआप जोडले गेले.

पण व्हीगन म्हणजे जैन नव्हे. कांदा-बटाटा त्यांना चालतो. त्यामुळे आमचा डबा सोबत होताच: मेथीची धपाटी आणि दाण्याची चटणी. सामना तीनला सुरू होतो आणि डिसेंबरात चारच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो. मध्यंतर झालं तसा डबा उघडला, पाणी प्यायलो, चौविहार सांभाळला.

खाता खाता नातवाने विचारलं, "आजी, हे लोक दूधही सोडतात. मग आपण का पितो?"

"आपल्यात चालतं" एवढ्यावर त्याला गप्प करता आलं असतं. पण शाळेत कंदमुळं का नको, हे तो एकटा सगळ्यांना समजावतो. त्याला खरं उत्तर हवं. मी म्हटलं, "पूर्वी गाय घरची होती, वासरू आधी प्यायचं. आता पिशवीतल्या दुधामागे वासराचं काय होतं, ते आपण दोघं शोधू."

तुमची नातवंडंही हे विचारतील. स्वाध्यायात एकदा हा विषय घेऊया का?